आळस, आराम आणि रिकामपण: गावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वावरात काम नाही म्हणून घरी बसलं तर लोक आळशी म्हणतात, हे बरोबर आहे का?

नाही. असं म्हणणारे बहुतेक करून महिन्याच्या पगारावर जगणारे असतात, त्यांना कोरडवाहू शेतीचं वर्ष कसं असतं हेच माहीत नसतं. आपल्या इकडं, विदर्भात, काम बारा महिने सारखं वाटून येत नाही. मृग लागला, पाऊस पडला की पेरणी, मग डवरणी, निंदण, खत, फवारणी, सप्टेंबर संपता संपता सोयाबीन सोंगायला येतं आणि ते घरात येत नाही तर इकडं कापूस फुटून लोंबायला लागतो, दसरा-दिवाळी कुठं गेली ते कळत नाही, त्याच्यामागं तूर. जानेवारी-फेब्रुवारीत हे सगळं उरकलं की ज्याच्याकडे विहीर नाही, ओलित नाही, त्याला पऱ्हाट्या म्हणजे कपाशीची झाडं उपटणं, शेणखत टाकणं आणि नांगरणी-वखरणी एवढंच उरतं, आणि ते पण आता ट्रॅक्टरवाला काही तासांत करून जातो. मार्च-एप्रिल-मे मध्ये तो माणूस पारावर बसलेला दिसला म्हणून त्याला रिकामटेकडा म्हणायचं असेल तर त्याला ऑक्टोबरमध्ये पण येऊन बघा ना, सकाळी दव असतानाच कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत वाकलेला असतो आणि संध्याकाळी पाठ सरळ होत नाही.

पूर्वेकडं, म्हणजे गोंदिया-भंडारा-गडचिरोली-चंद्रपूरकडं अजून वेगळं आहे. तिथं मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जावं लागतं, मे महिन्यात तेंदूपत्ता. म्हणजे उन्हाळा रिकामा असतो ही गोष्ट सगळ्या विदर्भाला लागूच होत नाही.

मंग आळशी म्हणायचं तरी कोणाले?

मी एकच गोष्ट बघते. तुम्ही बसल्यावर तुमचं काम कोणाच्या अंगावर पडतं? कोणाच्याच नाही, तर खुशाल बसा, झोपा, आभाळाकडं बघत राहा, तुम्हाला कोणी बोलायचं कारण नाही. पण तुम्ही बाजेवर पडून आहात आणि सत्तरीतला बाप गुरांना पाणी दाखवायला चालला आहे, नाहीतर बायको दिवसभर निंदून येऊन परत तुमच्या चहासाठी चूल पेटवते आहे, तर मग तो आराम तुमचा नाही, तो त्यांच्याकडून घेतलेला आहे. शेतीत तर उशीर पण कोणाच्या तरी अंगावर येतोच. निंदण आठ दिवस मागं पडलं की तण पिकाच्या वर जातं आणि मग जिथं चार बाया लागल्या असत्या तिथं जास्त लागतात, मजुरी वाढते, कर्ज वाढतं आणि ते घरातले सगळे मिळून फेडतात.

आळस वाईट का, याचं मला पटलेलं कारण हेच आहे. पाप लागतं, देव कोपतो वगैरे मला पटत नाही.

दुपारी झोपलं तं काय होते? आमच्या घरी बुडा लय बोलते.

उन्हाळ्यात झोपाच. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला इथं पारा ४५ च्या वर जाणं काही नवीन नाही आणि सरकारच्या उष्माघाताच्या सूचनेत पण दुपारी १२ ते ३ उन्हात जाऊ नका असंच असतं. अंग घामानं थंड होतं, घाम येऊन येऊन अंगातलं पाणी-मीठ संपलं की ते थंड होणं बंद पडतं आणि शरीराचं तापमान ४० च्या वर गेलं तर जीवावर बेततं. जुने लोक पहाटे वावरात जायचे आणि ऊन चढायच्या आत परत यायचे, मग दुपार झोपायची आणि उन्हं उतरल्यावर परत काम, याला आळस म्हणायचं की शहाणपण हे बुड्यालाच विचारा, त्याच्या बापानं पण हेच केलं असणार.

दुसरी गोष्ट म्हणजे लाइन. कृषिपंपाची वीज कित्येक ठिकाणी आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते, सौर पंप आला तिथं सुटका झाली पण सगळ्यांकडे कुठं आला. डिसेंबरच्या थंडीत रात्री हरभऱ्याला नाहीतर गव्हाला पाणी द्यायला माणूस जातो, पायात गारठा, हातात बॅटरी, सापाची भीती, आणि सकाळी येऊन अंथरुणात शिरतो. जागलीचं, म्हणजे रात्री पीक राखायचं पण तसंच, रानडुकरं आणि रोही (नीलगायी) रात्रीच येतात. असा माणूस सकाळी दहाला झोपलेला दिसला की गावातून जाणारा येणारा म्हणतो, बघा अजून उठला नाही. बोलायच्या आधी रात्री कुठं होता हे विचारायला काय जातं?

बाकी ज्याची रात्रीची झोप पूर्ण झाली त्यानं हिवाळ्या-पावसाळ्यात दुपारी वीस-पंचवीस मिनिटं डोळा लावला तर बरं वाटतं, दोन-दोन तास झोपलं तर उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्री झोप येत नाही.

उन्हाळ्यात बाया पण रिकाम्याच असतात ना?

हा प्रश्न फक्त पुरुषांकडूनच येतो.

केंद्र सरकारनं २०१९ मध्ये देशभर वेळेचा सर्वे केला होता, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात त्याचा. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते आणि पुरुषांचे ९७. म्हणजे पाच तास आणि दीड तास. आणि बाईचे हे पाच तास मजुरीचे नाहीत, निंदण-वेचणीचे नाहीत, ते वेगळे.

आता उन्हाळ्याचं बघा. पुरुष म्हणतात काम संपलं, आणि त्याच दिवसांत घरात वाळवणं चालू होतात. कुरडया करायच्या तर गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून-गाळून चीक काढायचा, तो रात्रभर निवू द्यायचा, आणि पहाटे चारला उठून चुलीवर मोठ्या गंजात शिजवायचा, कारण ऊन वर यायच्या आत धाब्यावर, नाहीतर स्लॅबवर धोतरं अंथरून सगळं घालून झालं पाहिजे. चीक घट्ट व्हायला लागला की तो घोटायला खांद्यातलं बळ लागतं, हात थांबला की गुठळी झालीच, आणि सोऱ्या दाबून दाबून तळहाताला घट्टे पडतात. मग दिवसभर माकडं, कावळे आणि वावटळीवर लक्ष. पापड, शेवया, सरगुंडे, वड्या, वर्षभराचं तिखट-हळद, डाळी भरडणं, धान्याला ऊन दाखवणं, त्यात विहीर आटली असेल तर पाण्याची वणवण. आणि हे करत असताना लग्नसराई पण असते, पाहुणे असतात.

त्यामुळं गावात आरामाचा विषय निघाला की मला आधी हेच बोलायचं असतं की आराम वाईट नाही, तो वाटला नीट जात नाही. ज्या घरात गडीमाणूस दुपारी दोन तास घोरतो त्या घरातल्या बाईला एक तास तरी पाय पसरून पडायला मिळतो का, हे बघायला काही सर्वे लागत नाही. सासू झोपलेली आहे आणि सून पण झोपली आहे, आणि कोणी कोणाला बोलत नाही, अशी दुपार घरात यायला हवी.

पारावर किंवा पानठेल्यावर बसणं म्हणजे टाइमपासच ना?

अर्धं हो. पण पारावर बसल्यावरच कळतं की कोणत्या बाजारात तुरीला काय भाव चालू आहे, कोणत्या कंपनीचं बियाणं मागच्या वर्षी उगवलं नाही, पीकविम्याची तारीख कधी संपते, कोणाची म्हैस विकायची आहे, कोणाच्या घरात मयत झाली. म्हातारे लोक तर तिथं बसल्यामुळंच जगतात असं मला वाटतं, घरी त्यांच्याशी बोलायला कोणाला वेळ नसतो. मला यात काही वाईट दिसत नाही.

वाईट सुरू होतं ते दुसऱ्याच्या घरातलं काढण्यापासून. अमक्याची सून, तमक्याची पोरगी कॉलेजला कोणत्या गाडीनं जाते, यावर तासन् तास बोलणारे लोक एखाद्या पोरीचं शिक्षण बंद पाडू शकतात आणि पाडतात. आणि दुसरं म्हणजे पत्ते, तेही पैशावर.

आणि खर्रा?

खर्रा वेळ घालवायला म्हणून लागतो आणि मग सुटत नाही. तंबाखू, सुपारी, चुना, घोटून घोटून खिशात पन्नी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे पण खर्रा ठेल्यावर समोरासमोर घोटून मिळतो. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी हळूहळू ताठर होत जाते, मग तोंड उघडत नाही, तिखट लागलं तरी आग होते, आणि त्यातून पुढं कॅन्सर होऊ शकतो. वीस-बावीस वर्षांच्या पोट्ट्यांचं तोंड दोन बोटं उघडत नाही हे आता गावोगाव दिसतं. बसायचं तर बसा, पण तोंडात काही न ठेवता बसा.

आमचं पोट्टं दिवसभर मोबाईल घेऊन पडून रायते, काय करावं?

आधी बघा की तो आळशी आहे का बेकार आहे, कारण हे दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. बीए-बीएस्सी झालेला पोरगा, पोलीस भरतीसाठी पहाटे पाचला गावाबाहेरच्या रोडवर पळून येतो, जाहिरात निघत नाही, निघाली तर जागा थोड्या आणि फॉर्म लाखात, वय निघून चाललंय, लग्न जमत नाही कारण मुलीवाल्यांना नोकरीवाला पाहिजे. तो दुपारी मोबाईल घेऊन पडला तर बाप म्हणतो, वावरात ये. पण त्याच बापानं त्याला दहा वर्षं सांगितलेलं असतं की शीक, तुझ्या नशिबी हे वावर नको. त्या पोराला लाज वाटते म्हणून तो पडून राहतो, हे मी जवळून पाहिलेलं आहे. त्याला रोज चार लोकांसमोर फुकट खातो म्हणून बोलल्यानं तो उठत नाही, अजून आत जातो.

एक काम त्याच्याकडे पूर्ण सोपवून बघा. दुधाचा हिशोब असेल, ठिबकचं बघणं असेल, ऑनलाइन अर्ज भरणं असेल. पूर्ण म्हणजे पूर्ण, मागून जाऊन टोकायचं नाही.

रील बघत बसणं हा मात्र आराम नाही, हे मी ठामपणे सांगते. तीन तास रील बघून उठलेला माणूस ताजातवाना दिसला असं मला कधी दिसलं नाही, डोळे जळतात आणि चिडचिड होते. आणि पैसे लावायचे ऑनलाइन गेम असतील तर ताबडतोब थांबवा, त्यावर केंद्रानं २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली आहे, तरी चोरून खेळणारे आहेत.

फुकट रेशनमुळं मजूर आळशी झाले, कामाला येत नाहीत, हे तर खरं आहे ना?

गावोगाव शेतकरी हे बोलतात आणि त्यांचा त्रास खरा आहे, कापूस फुटून वावरात पडलेला असताना वेचायला माणूस मिळत नाही तेव्हा जीव तुटतो. पण कारण हे नाही. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून ते फुकट आहे. ५ किलो म्हणजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आत. उन्हात राबणाऱ्या माणसाचं त्यात पोट भरतं का, आणि तेल, डाळ, मीठ, लेकरांच्या वह्या, दवाखाना याला पैसा कुठून येणार? मजूर घरी झोपलेले नसतात, जास्त भाव मिळतो त्या गावाला गाडीत बसून गेलेले असतात, नाहीतर शहरात बांधकामावर. जिथं दोन पैसे जास्त तिथं माल विकायला आपण जातोच ना, मग मजुरानं तेच केलं तर तो आळशी कसा?

आणि रोजगार हमीचं तर आपल्याच राज्यानं आधी केलं. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला, रस्त्याला, तळ्याला कामावर गेले, पुढं १९७७ मध्ये कायदा झाला, देशाला तो २००५ मध्ये मिळाला. काम मागायला ऊन-तान न बघता रांगेत उभे राहणारे हेच लोक होते.

गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, गांधीजी सगळे आपल्याच भागात राहिले, सगळ्यांनी कष्टच शिकवले. मग आरामाची बाजू घेणं म्हणजे त्यांच्या विरोधात जाणं नाही का?

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे, काम केल्याशिवाय भाकरी खायची नाही हा त्यांचा नेम. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, त्यांच्या अकरा व्रतांत शरीरश्रम हे एक व्रत होतं. हे सगळं खरं. पण तेच गांधीजी सोमवारी मौन पाळायचे, एवढी देशाची कामं अंगावर असताना. तुकडोजी महाराजांनी सकाळी सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना लावून दिली, आजही कित्येक गावांत दिवस मावळला की लोक शांत मांडी घालून बसतात. ही माणसं कामाला भिणारी नव्हती आणि शांत बसायला पण भीत नव्हती. आपण मात्र त्यांच्या नावानं फक्त पहिलं अर्धंच सांगतो, आणि ते पण दुसऱ्याला.

बैलाला आराम, जमिनीला आराम, हे जुने लोक सांगतात. त्यात काही अर्थ आहे की नुसती रीत?

भरपूर अर्थ आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांना धुऊन खांद्याला हळद आणि तूप नाहीतर लोणी चोळतात, जिथं जू घासून घासून कातडी जाड आणि काळी झालेली असते नेमकी तिथं, आणि कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी बैलाच्या खांद्यावर काही ठेवायचं नाही. वर्षभर राबवलेल्या जिवाला मालक स्वतः हात लावून आराम देतो, हे मला आपल्या सगळ्या सणांमध्ये सगळ्यात मोठं वाटतं.

जमिनीचं म्हणाल तर गुलाबी बोंडअळीकडे बघा. २०१७ मध्ये तिनं आपल्याकडची पऱ्हाटी खाऊन टाकली. ही अळी कपाशीवरच जगते, आणि आपण फरदड घेतो, म्हणजे वेचणी झाल्यावर पण पाणी-खत देऊन तीच पऱ्हाटी मार्च-एप्रिलपर्यंत उभी ठेवतो, त्यामुळं तिला खायला सतत मिळत राहतं आणि पुढच्या हंगामात ती लवकर आणि जोरात येते. म्हणून कृषी विभाग आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगत राहतात की डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटा आणि पाच-सहा महिने वावरात कपाशी ठेवू नका. उन्हाळ्यात खोल नांगरलं की मातीतले कोष उघडे पडतात, उन्हानं आणि पाखरांनी मरतात. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यात जाते, पाऊस आला की जमीन फुगते आणि आतली वर येते. वावर मोकळं दिसतं तेव्हा पण आत काम चालू असतं. शेवटच्या दोन क्विंटलच्या लोभात हा मोकळा काळ मोडला की पुढचं पूर्ण पीक जातं.

त्याच २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत, उकाड्यात, तोंडाला काही न बांधता, दिवसामागून दिवस फवारत होते. फवारणी करणाऱ्याला मधे मोकळे दिवस द्या, तोंड-हात झाका आणि वाऱ्याच्या उलट फवारू नका.

नुसतं बसलं की डोक्यात नको ते विचार येतात, त्यापेक्षा काम बरं नाही का?

मेंदू आपण बसलो तरी बसत नाही, अंगाला लागणाऱ्या ताकदीतली साधारण २० टक्के तो एकटा खातो, काम करा की नका करू. मन मोकळं सोडलं की तो जुनं आठवतो, पुढचं जुळवतो, अडलेलं सुटतं पण. पण कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला एकटं बसलं की तेच तेच फिरत राहतं, हे खरं आहे. त्यानं एकट्यानं नाही, कोणासोबत तरी बसावं, धुऱ्यावर असो की मंदिरात.

माणूस आळशी आहे की आजारी आहे हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात आणि सगळ्यात जास्त विचारायला पाहिजे. आपल्या भागात, खास करून गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूरकडं सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार भरपूर आहे. पोरगं लवकर थकतं, सांधे दुखतात म्हणून रडतं, शाळेत जायला नको म्हणतं आणि घरचे म्हणतात कामचुकार आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची साधी तपासणी होते, त्यात आलं तर पुढची पक्की तपासणी करतात. बायांमध्ये रक्त कमी असतं, जिना चढला की धाप लागते, तिला पण आळशीच म्हणतात. थायरॉइड, साखर, टीबी यात पण अंगात जीव राहत नाही.

आणि मनाचं. आधी जो माणूस कामाला पुढं असायचा तो दोन-तीन आठवडे झाले उठतच नाही, जेवत नाही, बोलत नाही, कशातच रस नाही, तर त्याला हलवून उठवू नका, डॉक्टरकडं न्या. टेली-मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. मरायच्या गोष्टी करत असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवायचं.

खरंच आळस असेल तर घालवायचा कसा?

रात्रीच अवजार, डबा, कपडे काढून ठेवा. एकट्यानं जायचं टाळा, शेजारच्या वावरवाल्यासोबत ठरवून निघा, तो दारात येऊन उभा राहिला की उठावंच लागतं. मोबाईल उशाशी ठेवू नका. आणि सगळं वावर डोळ्यांसमोर आणू नका, आज या दोन ओळी एवढंच ठरवा.

लेकरांना उन्हाळ्याच्या सुट्टीत क्लास लावावा का?

नको. आपल्याकडं ऊन एवढं असतं म्हणून तर शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात. सकाळ-संध्याकाळ चिंचा, टेंभरं, आंबे यांच्या मागं फिरू द्या, दुपारी घरात कंटाळू द्या. कंटाळलं की ते स्वतःच काहीतरी शोधतं. विहिरीवर मात्र एकटं सोडू नका.

सालगडी ठरवताना सुट्टीचं आधी बोलून घ्यावं का?

घ्यावंच. पाडव्याला साल ठरतं तेव्हा पैसे, धान्य, कपडे सगळं बोललं जातं आणि सुट्टीचं कोणी काढत नाही, मग वर्षभर मालकाच्या मर्जीवर. महिन्यातल्या सुट्ट्या किती, आजारी पडला तर पैसे कापणार की नाही, रात्री पाणी दिलं तर सकाळी कामावर किती वाजता यायचं, लेकीच्या बाळंतपणाला, मयतीला किती दिवस, हे सगळं कागदावर लिहा आणि एक कागद त्याच्याकडं राहू द्या. त्याला वाचता येत नसेल तर त्याच्या शाळेत जाणाऱ्या लेकराला बोलवा, त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि मगच अंगठा घ्या.